साखर उतरायला किती दिवस?

"किती दिवस लागतील?" असं देवराम अण्णांनी विचारलं आणि निवृत्तीनं खरं उत्तर दिलं. सगळं बिघडलं ते इथंच.

सत्त्याऐंशी सालचा दसरा होता. पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांच्या एका सोसायटीत नवाकोरा कॉम्प्युटर झेंडूची माळ घालून बसला होता. कुणाच्या किती पेट्या आल्या, कुठल्या ट्रकमधून गेल्या, हे आजवर बहिरूभाऊ कारकून वहीत लिहीत. आता ते मशीन सांगणार होतं, आणि मशीनला शिकवायला निवृत्तीला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. प्रोग्राम वेळेत झाला तर नोकरी कायम. नाहीतर मखमलाबादला जाऊन आईबरोबर फुलं तोडायची.

"चार महिने," निवृत्ती म्हणाला. एकेक काम सुटं करून, कागदावर मांडून त्यानं हा आकडा काढला होता.

"दोन," चेअरमन देवराम अण्णा म्हणाले.

"अण्णा, पण मी सगळं मांडून..."

"अरे, मी उभ्या बागेवर नजर टाकून पेट्या सांगतो. तुला तुझा एक प्रोग्राम सांगता येईना? दिवाळी झाली की कामाला लाग, एक जानेवारीला उद्घाटन!"

अण्णा मनाचे वाईट नव्हते, त्यांना फक्त सवय होती. सगळी हयात व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात गेलेली. कुणी कसलाही आकडा सांगितला की यांच्या तोंडून त्याचा निम्मा बाहेर पडे. डॉक्टरनं पंधरा दिवस विश्रांती सांगितली तेव्हाही ते आठव्या दिवशी बागेत हजर होते.

"मेल्या, खरा आकडा पयल्यांदा सांगतं का कोनी?" घरी हे ऐकून निवृत्तीच्या आईनं, भागुबाईनं, कपाळाला हात लावला. नाशिकच्या फुलबाजारात तिचे केस पिकले होते. "दोनाला हार द्यायचा तर तोंडानं चार म्हनावं. गिऱ्हाइकाला कमी केल्याचं समाधान नको का?"

"आई, ही काय फुलं आहेत? हे शास्त्र आहे."

"आसंल. पन घेनारा मानूसच हाय ना?"

निवृत्ती हसला. शिकलेल्या माणसानं खोटं बोलू नये, असं त्याचं ठाम मत होतं. नोव्हेंबर संपेपर्यंत ते मत डळमळू लागलं. तोवर काम जेमतेम पाव झालं होतं.

यावर अण्णांनी तोडगा काढला. "एका माणसाला चार महिने, तर दोघांना दोन. छाटणीला आम्ही तेच करतो. बहिरूला घे हाताखाली."

बहिरूभाऊ चपला बाहेर काढून आत आले, मशीनला नमस्कार करून बसले. "निवृत्तीराव, हे बटन दाबू का?" असं ते दिवसभर विचारत, आणि निवृत्ती दिवसभर उत्तरं देत बसे. पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी त्यांनी न विचारता बटन दाबलं आणि आठवड्याचं काम पुसलं गेलं. म्हातारा इतका खजील झाला की त्यानं मशीनसाठी सोमवारचा उपास धरला. निवृत्तीला रागवायचीही सोय उरली नाही.

डिसेंबर संपत आला. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या, रात्री जागूनही काम मात्र निम्मंच झालं होतं. निवृत्तीनं धीर करून ते सांगितलं. अण्णांनी त्याला जीपमध्ये बसवलं. त्यांना बागेत जायचं होतं.

"शब्द दिला होतास तू!" वाटेत ते कडाडले.

शब्द तुम्हीच दिला होता, तोही माझ्या वतीनं, हे वाक्य निवृत्तीनं गिळलं. मळ्यातली फुलं त्याला डोळ्यांपुढे दिसू लागली.

बागेत व्यापारी झुंबरशेठ वाट बघत उभे होते. "अण्णा, संक्रांतीला ट्रक लावतो. छाटणीच्या वेळी तुम्हीच तारीख दिली होती."

"तो अंदाज होता, शेठ! यंदा थंडी किती पडली बघा. माल थांबला."

"मग दहा माणसं जास्तीची लावा."

अण्णा उखडले. "माणसं लावून मण्यात साखर उतरते व्हय? तोडायला माणसं लागतात, पिकायला नाय! मण्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो."

एवढं बोलून ते एकदम थांबले. निवृत्ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घडाकडे पाहिलं. दोन मणी तोडले, एक स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा त्याच्या हातावर ठेवला. शेठ कंटाळून निघून गेले.

"लय आंबट हाय का रे?"

"हो अण्णा," निवृत्ती मणी चावत म्हणाला.

"तुझं कामबी एवढंच आंबट असंल मग." त्यांचा आवाज उतरला होता. "बहिरूला उद्यापासून परत वहीवर बसव. उद्घाटन पुढं ढकलू. आता खरं सांग, अजून किती दिवस?"

खरे दोन महिने हवे होते. निवृत्तीनं तोंड उघडलं, आणि त्याला आईनं कपाळाला लावलेला हात आठवला.

"चार महिने," तो म्हणाला. आयुष्यातलं पहिलं खोटं बोलताना त्याचे कान तापले.

"दोन!" अण्णा गरजले. "दोनात दे, त्याच दिवशी कायमची ऑर्डर घे."

तोंडातला मणी अजून आंबटच होता, त्यामुळे चेहरा पाडायला निवृत्तीला काही कष्ट पडले नाहीत. "बरं अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर बघतो."