आधी ब्रेक, मग इंजिन

रामटेके साहेबांनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझा टायर पाहिला.

स्टुटगार्टच्या चढावरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. मी गाडीतून खोकी उतरवत होतो. वरच्या मजल्यावरून लोकरीची टोपी घातलेले एक बुटके गृहस्थ खाली आले, माझ्या गाडीमागे उकिडवे बसले, खिशातून एक युरोचं नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उभं खोचलं. नाण्याची सोनेरी कड खाचेत पूर्ण बुडायला हवी, असं इथे मानतात. माझ्या टायरात ती बुडली नाही. गृहस्थांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे आजच बदलून टाका भाऊ. मी रामटेके. वर राहतो."

ओळख या क्रमाने झाली. नमस्कार त्यानंतर.

रामटेके मूळचे नागपूरचे. जर्मनीत येऊन पंचवीस वर्षं झाली तरी बोलण्यातलं 'करून राहिलो' आणि 'ना जी' तसंच आहे. फक्त अधूनमधून 'बरोबर' म्हणायला एखादं जर्मन 'गेनाऊ' येऊन बसतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते ब्रेकच्या चाचण्या घेतात. बत्तीस वेळा चाक फिरवायचं, बत्तीस वेळा थांबवायचं, आणि तेहेतिसाव्यांदा ते का थांबलं नाही यावर अहवाल लिहायचा. त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान याच कामातून आलेलं. "पळवणं काही कौतुकाचं नाही जी. थांबता आलं पाहिजे." हे वाक्य ते कशालाही लावायचे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आमचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि वीस मिनिटं झाली तरी बसेनात, तेव्हा मागच्या रांगेतून शांत आवाज आला, "याचे ब्रेक गेले." अध्यक्ष बसले. मंडळाच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

ऑक्टोबर लागला की इमारतीतल्या प्रत्येकाच्या पत्रपेटीत त्यांची चिठ्ठी पडायची, थंडीचे टायर चढवा म्हणून. तळमजल्यावरच्या फ्राऊ श्वेंक, ज्यांना या जगात कोणाचंच काही पटत नाही, त्यासुद्धा ती चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवायच्या.

एवढा गाड्यांतला माणूस, पण स्वतः कधी गाडी चालवायचा नाही. कामाला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने. भाजी आणायला वंदनाताई गाडी काढायच्या आणि हे मागच्या सीटवर बसायचे. पट्टा लावला की दोनदा ओढून बघायचे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मिठाईवाला मिठाई खात नाही, त्यातलंच काहीतरी असेल, असं मी धरून चाललो.

त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा. घरात मितू. कार्ल्सरूहेला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायची आणि शनिवार-रविवारी घरी यायची. बाप नागपुरीत बोलायचा, लेक जर्मनमधून उत्तर द्यायची, आणि दोघांचं भांडण कुठेही न अडखळता चालायचं. ते जिन्यातून ऐकायला मजा यायची. एका शनिवारी मात्र वरून काहीच ऐकू आलं नाही. रविवारीही नाही. सोमवारी रामटेके माझ्या दारात उभे. चेहरा उतरलेला.

"पोरगी मोटारसायकल घेऊन राहिली भाऊ."

मी म्हटलं, घेऊ द्या, एकवीस वर्षांची आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

आठवडाभराने त्यांनी तोडगा काढला. मोटारसायकल नको, त्याऐवजी आपण तिघं मिळून एक जुनी गाडी दुरुस्त करू, तुला हवी ती. मितूही त्यांचीच मुलगी. बाप नाहीच म्हणणार अशा हिशोबाने तिने सगळ्यात अघोरी जाहिरात शोधून आणली. पन्नासेक वर्षांपूर्वीची अमेरिकन मसल कार. दोन दारं, आठ सिलिंडर, आणि बॉनेट एवढं लांब की त्यावर चार माणसं पंगतीला बसावीत. गाडी आल्बच्या डोंगरावरच्या एका खेड्यात, कोठारात, गवताखाली पडलेली होती. कंपनीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर जाणकार लोक मला पुढचे प्रश्न विचारतील आणि माझं ज्ञान बॉनेटच्या लांबीपाशी संपतं.

रामटेके म्हणाले, "हाव, घेऊ."

मितू चकित. वंदनाताई त्याहून चकित. जिन्यात मला गाठून रामटेक्यांनी आपला डाव सांगितला. अशी गाडी उभी करायला आठ वर्षं तरी लागतात. तोवर पोरीला अक्कल येईल.

शहराबाहेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात गाडी आणून ठेवली आणि दर शनिवारी तिघं तिथे जायला लागले. मीही कधीमधी जायचो, मुख्यतः वंदनाताईंच्या डब्यासाठी. कोणीही शहाणा माणूस आधी इंजिन उघडतो. रामटेक्यांनी आधी ब्रेक उघडले. "एवढं मोठं इंजिन, अन् ब्रेक सायकलचे," असं म्हणत ते चाकाशेजारी बसले ते दीड वर्षं उठले नाहीत. त्या काळी त्या गाडीला मिळू शकले असते असे चांगले ब्रेक कुठून कुठून मागवले, नळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. मितू चिडायची. जी गाडी जागची हलत नाही तिला थांबायला काय शिकवताय, असं तिने एकदा जर्मनमध्ये विचारलं. रामटेके म्हणाले, तेच तर पहिल्यांदा शिकवायचं असतं.

गाडी सजीव झाली ती मायलेकींमुळे. मितूने सगळी वायरिंग उपसून काढली आणि नवा नकाशा काढून भिंतीवर लावला. वंदनाताई कामठीला असताना शिवणकाम शिकल्या होत्या. त्यांनी सीटची कव्हरं शिवायला घेतली. घरच्या मशीनच्या सुया त्या जाड रेक्झिनवर पटापट मोडायच्या. शेवटी त्यांनी चपला शिवायच्या दाभणाने, हातात अंगुस्ताना घालून, पुढच्या दोन्ही सीट हाताने शिवल्या. रंगावरून मोठी लढाई होईल असं मला वाटत होतं, कारण मितूला भडक नारिंगी हवा होता. रामटेके लगेच तयार झाले. रस्त्यावर काम करणारी माणसं त्याच रंगाची जाकिटं घालतात, म्हणाले, धुक्यात लांबून दिसतात.

आठ वर्षांचं काम चार वर्षांत संपलं. मितूच्या वेगापुढे बापाचा डाव टिकला नाही. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, खिरीचं भांडं खिडकीत ठेवून, मितूने किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि मग अशी गरजली की शेजारच्या कुरणातल्या गाई एकदम उठून उभ्या राहिल्या. वंदनाताई रडत होत्या, मितू नाचत होती. रामटेके भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला ते तेव्हा विचित्र वाटलं.

घरी परतताना त्यांनी जाहीर केलं की गाडी रस्त्यावर पहिल्यांदा तेच नेणार. त्याआधी मितूने त्यात बसायचंही नाही. मितू हसली. पप्पांकडे तर लायसन्सच नाही, असं ती लहानपणापासून समजत होती. रामटेक्यांनी पाकिटातून लायसन्स काढून दाखवलं. फोटोत त्यांना भरपूर केस होते.

दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे ना, शनिवारी घेऊन चला म्हणाले, कोणाला सांगू नका. गावाबाहेर नवशिक्यांसाठी सरावाचं मैदान असतं, तिथे आम्ही गेलो. आजूबाजूला सतरा वर्षांची मुलं-मुली, शेजारी त्यांचे घामाघूम आईबाप. त्यांच्यामध्ये आम्ही. रामटेके चालकाच्या सीटवर बसले, पट्टा दोनदा ओढला, आरसे नीट केले, पुन्हा नीट केले. दहा मिनिटं गेली. ते गाडी सुरू करेनात. पाहिलं तर त्यांचे तळवे ओले झाले होते आणि ते पँटला पुसत होते.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, समोर बघत.

मितू चार वर्षांची असताना ते तिघं आल्बवरून खाली उतरत होते. डिसेंबर होता. वळणावर बर्फाची काच झालेली. यांनी ब्रेक दाबला आणि गाडी ऐकेना. स्वतःभोवती गोल फिरली, रस्ता सोडला आणि बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. कोणाला खरचटलंही नाही.

"मागे वळून पाहिलं," ते म्हणाले, "तर पोरगी माझ्याकडे पाहून राहिली होती. रडली नाही, काही नाही. नुसती पाहून राहिली होती."

तिथून पुढे गाडी वंदनाताईंनी चालवली, ती आजपर्यंत. पुढच्याच वर्षी यांनी कंपनीत इंजिनाचं खातं सोडून ब्रेकचं मागून घेतलं. मितूपुढे हा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मोठी झाल्यावर मितू त्यांच्याशी वाद घालायची, कार्ल्सरूहेला निघून गेली, घरी कमी बोलायची, तेव्हा तेव्हा यांना ती नजर आठवायची.

मी विचारलं, मग चालवायलाच कशाला हवी ही गाडी? ते म्हणाले, "ब्रेक मी बसवले. आधी माझ्या जिवावर पाहतो ना जी. मग पोरगी बसेल."

आणि त्यांनी गाडी सुरू केली. त्या दिवशी आम्ही ताशी दहाच्या वेगाने मैदानाला सहा फेऱ्या मारल्या. आमच्यामागे शिकाऊ मुलांची रांग लागली आणि एका मुलीने हॉर्न वाजवला. पण पाच शनिवार आम्ही गेलो आणि पाचव्या शनिवारी रामटेके एका हाताने स्टिअरिंग धरून मला समोरच्या गाडीच्या टायरबद्दल काहीतरी सांगत होते. मी त्यांना त्याची जाणीव करून दिली नाही.

गाडीच्या तपासणीला ते एवढी मोठी फाइल घेऊन गेले. परीक्षकाने ब्रेक तपासायला चाकं रोलरवर चढवली, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि विचारलं, हे कोणी बसवले? रामटेक्यांनी जुन्या गाड्यांना मिळते ती एच अक्षराची नंबरप्लेट छातीशी धरून फोटो काढला. त्यांचा हसतानाचा दुसरा फोटो माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्या दिवशी ते एकटे गोठ्याभोवतीची गावं फिरून आले. पुढच्या रविवारी सकाळी वंदनाताई शेजारी आणि मितू मागे, असे तिघं निघाले. आल्बवर जाणार होते. त्याच रस्त्याने. मी घरी थांबलो आणि साडेअकरा वाजेपर्यंत स्वयंपाकघरात उगाच तीच तीच भांडी पुसत राहिलो.

आवाज आधी आला. चढावरून ती नारिंगी गाडी वर आली तेव्हा निम्म्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या होत्या. फ्राऊ श्वेंक झाडू घेऊन फुटपाथवर उभ्या होत्या, कारण जिना आणि अंगण झाडायची त्यांची पाळी होती. इथे रविवारी आवाज करायचा नसतो, आता त्यावर भाषण होणार म्हणून मी खाली धावलो. त्यांनी झाडू भिंतीला लावला आणि फोन काढून गाडीचा फोटो घेतला.

रामटेके उतरले. किल्ली मितूच्या हातात दिली, इमारतीत शिरले आणि स्वतःच्या घरी न जाता माझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. मी चहा ठेवला. ते टोपी हातात फिरवत होते.

"त्या वळणावर थांबवली गाडी," ते म्हणाले. "मितूला इचारलं, तुला काही आठवते का इथलं?"

मी गॅस बारीक केला.

"म्हणे, हो, आठवते ना. एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. म्हातारीनं गरम कोको दिला. चुलीजवळ पप्पानं मला कोटाच्या आत घेतलं होतं, अन् मांजर होती. म्हणे, लहानपणचं सगळ्यात छान तेच आठवते मला." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "गाडी फिरली ते? मी इचारलं. म्हणे, कोणती गाडी?"

मी कप त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हणजे त्या गाडीत वीस वर्षं मी एकटाच बसून होतो का जी?"

त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि एकदम हसायला लागले; खांदे हलेपर्यंत, आवाज न करता. तेवढ्यात खाली इंजिन सुरू झालं. मितू निघाली होती, एकटी. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि उतारावर हळूहळू कमी झाला.

रामटेके खिडकीपाशी गेले नाहीत. त्यांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखरेचा डबा जवळ ओढला.