ब्रेक हा घटक उन्नयनात बसत नसल्याबाबत

सिस्टर दीपमाला यांचा अर्ज आमच्या कक्षात आला तेव्हा तो एका ओळीचा होता, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ तिथेच आहे. 'सायकलचा ब्रेक लागत नाही, तरी ब्रेकचे पॅड बदलून मिळावेत.' वर विषय नाही, संदर्भ नाही, खाली 'आपली विश्वासू' नाही. ज्या बाईला थांबण्याची इतकी घाई आहे ती लिहितानाही लवकर थांबणार, हे मी समजू शकतो. फाइलला समजत नाही.

सिस्टर दिघोरीपलीकडच्या पाच टोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, कंत्राटी आरोग्य सेविका आहेत. बाळांची वजने, गरोदर बायांची तपासणी, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, हे सगळे तलावांच्या पाळींवरून जाऊन करायचे. त्यासाठी त्यांना मागल्या वर्षी आमच्या 'सुगम वाहन कक्षा'कडून बॅटरीवर चालणारी हलकी पर्वतीय सायकल मिळाली. आमच्याकडे पर्वत नाही, हे खरे आहे. परंतु वरून आलेल्या तक्त्यात 'उंचवटे (संख्या)' असा रकाना होता, आणि आमच्याजवळ तलावांची यादी तयार होती. तलाव म्हटला की पाळ आली, आणि पाळ जमिनीपेक्षा उंचच असते. मी एकशे त्रेचाळीस लिहिले. त्या बळावर आमचा भाग कागदावर हिमाचलच्या शेजारी जाऊन बसला आणि सायकली आल्या. लोक तिला 'पहाडी' म्हणतात. तो रकाना मी भरला होता हे मी अभिमानाने सांगत असे. आता जरा कमी सांगतो.

अर्ज घेऊन मी भुपेंद्र साहेबांकडे गेलो. साहेब आमचे कक्ष अधिकारी. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कोऱ्या कागदापेक्षा सही केलेल्या कागदाची भीती जास्त वाटते.

"दुरुस्ती?" साहेब म्हणाले. "बाबू, दुरुस्ती लिहिलं म्हणजे सायकल खराब झाली. सायकल खराब म्हणजे खरेदी खराब. आन् खरेदीवर सही कोणाची आहे?"

"तुमची, साहेब."

"मंग? दुरुस्ती खोडा. उन्नयन लिहा. घटक उन्नयनाची योजना आलीच आहे न."

मी खोडले, उन्नयन लिहिले आणि योजनेची पुस्तिका उघडली. त्यात व्याख्या होती: 'उन्नयन म्हणजे वाहनाच्या वेगात, पल्ल्यात किंवा हलकेपणात वाढ करणारा घटक बसविणे.'

"ब्रेकनं वेग वाढते का?" साहेबांनी विचारले.

"कमी होतो, साहेब."

"पल्ला?"

"तिथंच संपतो."

"हलका तरी होते का?"

"उलट वजन आहे त्याला."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ही बाई उन्नयनाच्या नावाखाली अधोगती मागून राहिली!"

तरीही अर्जाला आवक क्रमांक पडला होता, आणि आवक क्रमांक पडलेला अर्ज रिकाम्या हाताने परत पाठवणे आमच्या कक्षाच्या परंपरेत बसत नाही. त्यामुळे ब्रेक नामंजूर झाला आणि त्याच अर्जावर दीडपट ताकदीची मोटर मंजूर झाली.

मोटर बसवायचे काम दिघोरीच्या चौकातल्या टेकचंद मिस्त्रीकडे आले. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवले, आणि ते बराच वेळ फिरत राहिले.

"बाबू, हे काय करून राहिले तुम्ही?" तो म्हणाला. "इले ब्रेक पायजे. दहा मिनिटाचं काम हाये. माह्या दुकानात पॅड पडले हायेत. लावून देतो."

मी त्याला चाकावरचे शिशाचे सील दाखवले. यादीबाहेरचा घटक बसवला तर सील तुटते, सील तुटले तर सिस्टरचा करार तुटतो. आणि पायी जावे म्हटले तर मोबाइलवरचे ॲप आहे. ते मिनिटामिनिटाला वेग मोजते आणि पायी चालणाऱ्याला 'वाहन निष्क्रिय' असा लाल शेरा देते. तीन लाल शेरे झाले की मार्चनंतर नेमणूक नाही.

सिस्टर बाजूला उभ्या होत्या. "बाबू, मले मोटर नाई पायजे," त्या म्हणाल्या. "मले थांबाचं हाये."

"सिस्टर, तुमचा अर्ज मंजूर झाला आहे," मी म्हणालो. "अभिनंदन."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पेनाचे टोपण शोधू लागलो.

नव्या मोटरमुळे एक तांत्रिक प्रश्न उभा राहिला. सायकल 'हलकी' असायची तर तिचे वजन सतरा किलोच्या आत हवे, आणि ते सरकारी शिक्का असलेल्या काट्यावरच झाले पाहिजे. त्या दिवसांत असा काटा एकच सापडला, एका धान खरेदी केंद्रावर. तिथल्या मोजणाऱ्याजवळ धानाचाच छापील नमुना होता. त्याने तो प्रामाणिकपणे भरला. वाण: पहाडी. प्रत: ठोकळ. साहेबांसमोर जायची म्हणून सिस्टरनी सायकल धुऊन आणली होती, त्यामुळे ओलावा जास्त निघाला.

"वाळवून आणा," मोजणारा म्हणाला.

पहाडी दोन दिवस ताडपत्रीवर धानाशेजारी वाळत पडली. जाणारे-येणारे तिला पायाने उलथीपालथी करून जात. तिसऱ्या दिवशी वजन झाले अठरा किलो. बारदान्याचे, म्हणजे पोत्याचे, सहाशे ग्रॅम वजा झाले, कारण नमुन्यात तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. तरी पहाडी सतरा किलो चारशे भरली. चारशे ग्रॅम जास्त.

समिती बसली. सायकलवरचा कोणता घटक काढला तर कामगिरीला बाधा येणार नाही, यावर दीड तास चर्चा झाली. घंटी काढून भागेना. शेवटी मीच फाइलमधला मूळ अर्ज वाचून दाखवला. अर्जदाराने स्वतः लेखी कळवले होते, की ब्रेक लागत नाही. म्हणजे तो निष्क्रिय घटक. दोन्ही चाकांच्या चकत्या, मुठी, तारा सगळे मिळून चारशे दहा ग्रॅम निघाले.

"बाबू, तुम्ही हुशार आहात," साहेब म्हणाले. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी जाताना रसमलाई नेली.

आता पहाडी सोळा किलो नऊशे नव्वद ग्रॅमची, दीडपट मोटरची आणि बिनब्रेकची झाली. थांबायची सोय सिस्टरनी स्वतःच केली. पाळ उतरते तिथे पहिल्या टोलीतल्या मालनबाईंच्या वाडीत धानाच्या तणसाचा ढीग होता. सिस्टर पाळीवरून यायच्या, ढिगाचा नेम धरायच्या आणि सायकलसकट त्यात शिरायच्या. मालनबाई धावत येऊन त्यांना ओढून काढायच्या आणि केसांतल्या काड्या वेचायच्या. मग दुसऱ्या टोलीनेही वाटेवर तणस टाकले, मग तिसरीने. महिन्याभरात पाचही टोल्यांच्या तोंडाशी ढीग झाले. पोरासोरांना वजनासाठी हाका मारायची गरज उरली नाही. धप्प आवाज आला, की बाया लेकरे कडेवर घेऊन निघत.

ॲपवर मात्र सिस्टरचा सरासरी वेग ताशी एकतीस किलोमीटर दिसू लागला. ही उन्नयनाची फलश्रुती, असे साहेबांनी वर कळवले. वरून कौतुक आले आणि त्याबरोबर आणखी घटक आले. कार्बनचे हॅण्डल, पिसासारखी चाके, गुळगुळीत टायर, खालीवर होणारी सीट. टेकचंदने ते सगळे बसवले.

आणि मग तपासणी पथकाचा शेरा आला: 'सायकल तणसाच्या ढिगात थांबते असे दिसते. सदर ढीग कोणी मंजूर केला?'

कोणीच केला नव्हता. शिवाय ज्या साधनाने वाहन थांबते ते साधन म्हणजे ब्रेक, हे कोणालाही नाकारता येईना. ढीग ब्रेक ठरला, तर ढिगाचे वजन सायकलीच्या वजनात धरावे लागणार. पाच ढीग, प्रत्येकी निदान दोन क्विंटल. आमची हलकी सायकल एका झटक्यात ट्रॅक्टरच्या वर्गात गेली असती.

अनधिकृत ब्रेक बाळगल्याबद्दल मालनबाईंना नोटीस निघाली. ती द्यायला मीच गेलो.

"बाबूजी, हे ब्रेक नाई जी," मालनबाई म्हणाल्या. "तणस हाये. माही म्हैस खाते."

मी जबाबात लिहिले: 'सदर ब्रेक म्हशीने अंशतः खाल्ल्याचे संबंधित महिलेने कबूल केले.'

"काय लिहिलं जी?"

मी वाचून दाखवले. त्यांनी कमरेवर हात ठेवले. मग म्हणाल्या, "बाप्पा! म्हैस माही शिकली नाई, पण तुमच्याहून बरी हाये. तिले कवा थांबाचं ते समजते." हे मी जबाबात घेतले नाही.

फेब्रुवारीत वरून पाहुणे येणार असे ठरले. उन्नत सायकलीचे प्रात्यक्षिक पाळीवर, खाली शामियाना, खुर्च्यांना पांढरे कापड. आदल्या दिवशी स्वच्छता मोहिमेत पाचही ढीग उचलण्यात आले. सिस्टर सकाळी माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाबू, तणस कुठी गेलं?"

"पाहुणे आहेत, सिस्टर. चांगलं दिसलं पाहिजे."

"मी थांबू कशी?"

"हळू चालवा."

"मोटर हळू चालतच नाई आता. तुम्हीच तं बसवली." मग त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मी नाई चालवत म्हटलं तं?"

मी करारातले कलम सांगितले. मला ते पाठ आहे. सांगायला नको होते.

बरोबर अकरा वाजता त्या पाळीवरून निघाल्या. एवढी वेगवान सायकल आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. पदर मागे ताठ, चाके दिसेनाशी झालेली. शामियान्यापुढून जाताना त्या ओरडत होत्या, "सरका! सरका जी! ब्रेक नाई!" मी हार ठेवलेले ताट धरून सगळ्यांत पुढे उभा होतो, म्हणून मला स्पष्ट ऐकू आले. मागे बॅण्ड वाजत होता. पाहुण्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. सिस्टर वळणावर दिसेनाशा झाल्या आणि पाळीपलीकडच्या बांधीत पडल्या. उन्हाळी धानाचे रोवणे नुकतेच झाले होते, चिखल होता, म्हणून जीव वाचला. उजवे मनगट मोडले. मी ताट टाकून धावलो. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण त्या दिवशी मी केलेले तेवढे एकच काम नियमात नव्हते. चिखलात बसून त्या रडत होत्या आणि डाव्या हाताने रुजू लागलेली रोपे सरळ करीत होत्या. पाळीच्या अलीकडे अजून टाळ्या चालू होत्या.

कक्षाच्या प्रसिद्धी सहायकाने त्या धावेचा बावीस सेकंदांचा व्हिडिओ केला. वळण येते तिथे तो संपतो. सिस्टरांच्या ओरडण्यामुळे आवाज खराब आला होता, म्हणून त्यावर एक जोशाचे गाणे घातले. चार दिवसांत तो नऊ लाख लोकांनी पाहिला.

पंधरा दिवसांनी सिस्टर गळ्यात हात अडकवून कार्यालयात आल्या. दुसरा अर्ज त्यांनी डाव्या हाताने लिहिला होता, अक्षर पहिलीतल्या पोराचे: 'ब्रेक द्यावा.' साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला. त्यांनाही वाईट वाटले असावे, कारण त्यांनी सिस्टरांसाठी चहा सांगितला. पण योजनेत नवे कलम आले आहे: घटकाबाबतचा अंतिम निर्णय जनअभिप्रायावरून घ्यावा. त्यामुळे व्हिडिओखालचे सगळे अभिप्राय मी छापून फाइलला जोडले. बेचाळीस हजारांच्या वर. 'वा ताई!', 'नारीशक्ती', 'पहाडी कुठे मिळेल?', 'अजून जोरात!' आणि हृदये, असंख्य हृदये. ब्रेकची मागणी करणारा अभिप्राय एकही नाही.

"लोकायलेच नको आहे तं मी कुठून देऊ, सिस्टर?" साहेब म्हणाले आणि प्रकरण निकाली काढले.

सिस्टरांनी चहा प्यायला नाही. "त्यात मी काय म्हणून राहिली," त्यांनी विचारले, "हे एकानंबी विचारलं नाई?"

व्हिडिओ नीट पाहिला तर ओठांवरून कळते. एकदा नाही, तीनदा 'ब्रेक नाई' म्हणाल्या आहेत त्या. तुम्ही पाहिला तेव्हा तुमच्या लक्षात आले नसेल; गाणे चांगले होते आणि खाली दुसरा व्हिडिओ तयार होता. असो. तुमचा अभिप्राय पोचला आहे, योग्य ठिकाणी जोडला आहे, आणि निर्णयात त्याचा पूर्ण विचार झाला आहे.

सिस्टर गेलेल्या नाहीत. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून, फाइल मांडीवर घेऊन, डाव्या हाताचे बोट ठेवत अभिप्राय देणाऱ्यांचे एकेक नाव वाचत आहेत. मी त्यांना थांबवलेले नाही. तुमच्या नावापर्यंत यायला त्यांना अजून थोडा वेळ लागेल.