बबनरावांची रांग

आमच्या सोसायटीतले बबनराव दर रविवारी मासळीच्या रांगेत उभे राहायचे. बबनराव जन्माचे शाकाहारी. नाकाला उपरण्याचं टोक, हातात कापडी पिशवी. नंबर आला की दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे.

आमच्या पिरंगुटला घाटाखालून, म्हणजे कोकणातून, ताम्हिणीवरून मासळीचा टेम्पो यायचा. हिंजवडीत नोकरी लागून मी इथे राहायला आलो, तेव्हा रस्त्याकडेला दहा-बारा बायका टोपल्या मांडून बसायच्या. मग आमच्यासारख्यांच्या सोसायट्या वाढल्या. वासाच्या तक्रारी झाल्या आणि तक्रार करणारेच मोबाइलवरून साफ केलेली सुरमई मागवू लागले. एकेक टोपली उठत गेली. उरल्या फक्त कमळमावशी.

गिऱ्हाईक कमी झालं तसं बबनरावांचं काम वाढलं. "रांग हाय म्हंजी बाजार हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्त्यानं कुणी जाताना दिसलं की ते मोठ्यानं म्हणत, "आज गर्दी लई हाय!" रांगेत त्या वेळी ते एकटेच असत. माशांची नावं त्यांना अजून येत नाहीत. एकदा पापलेटाकडे बोट करून मला म्हणाले, "ती चपटी घ्या. लई ग्वाड लागती."

"तुम्ही खाल्लीत?"

"मी? काय बी बोलता राव!"

बायको गेल्यापासून म्हातारा जरा चळलाय, असं सोसायटीचं मत. माझंही फार वेगळं नव्हतं.

गेल्या महिन्यात कमळमावशी मला म्हणाल्या, "एका टोपलीसाठी टेम्पोवाला घाट चढत नाय रे आता. येत्या रविवारी शेवटचं बसनार." बबनराव लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा मी त्यांना ते सांगून टाकलं. वर हसत म्हणालो, "चला, सुटलात एकदाचे!"

सातवा मजला आला. दार उघडलं, तरी ते बाहेर पडले नाहीत.

"माझी मंडळी घाटाखालची. ह्या समद्या बाया तिच्याच गावच्या," ते म्हणाले. "ती मासळी घ्यायची, मी पिशवी धरून लांब हुबा ऱ्हायचो. ती गेली, पर ह्यांनी मला जावय म्हनायचं सोडलं न्हाई. हितं मी नुसता सातशे दोनवाला. बाजार उठला, म्हंजी माझी सासुरवाडीच उठली की वो."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

रविवारी रांगेत आम्ही दोघंच होतो. बबनराव पुढे, मी मागे.

"या जावयबापू! काय देऊ?" साठीच्या कमळमावशींनी सत्तरीच्या बबनरावांना विचारलं.

"काय नगं. बरं हाय न्हवं?"

"बरं हाय." जावयाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून मावशींनी पिशवीत मूठभर आमसुलं टाकली. बबनराव वळून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

माझा नंबर आला. टोपलीत चांगली ताजी पापलेटं होती.

"तुला काय रे?"

"काही नको," मी म्हणालो आणि बबनरावांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

मावशींनी आम्हा दोघांकडे पाहिलं. पदरानं डोळे पुसले. मग पुन्हा आमसुलांच्या पुडीत हात घातला.

"या जावयबापू," त्या म्हणाल्या, "काय देऊ?"