नातीसाठी गार हवा

दोन हजार तीनच्या मे महिन्यात, अंबडच्या पुढे एका कडुलिंबाखाली, साहेबरावांनी गाडीच्या एसीच्या जाळीला तोंड लावून जोरात हवा ओढली आणि त्यांना सगळं कळलं. तर असं काही घडलेलं नाही. ते स्वतः तसं सांगतात, आणि पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सांगतो म्हणजे ते कागदावर तरी खरंच असणार.

घडलं ते एवढंच. लेक बेबीनंदा जालन्याला बाळंत झाली, मुलगी झाली, आणि साहेबराव आनंदाच्या भरात व्याह्यांना बोलून बसले, "दहाव्या दिवशी दोघींना न्यायला येतो. त्रेचाळीस डिग्री असू द्या, माझी नात आमच्या कुंभार पिंपळगावपर्यंत गार हवेत झोपून येईल."

त्यासाठी त्यांनी बियाण्याच्या कंपनीतल्या एका साहेबाची चौदा वर्षं वापरलेली पांढरी गाडी घेतली. एसी असा, की शेजारच्या तातेरावांना आत बसवलं तर त्यांनी उपरणं सोडून कानाला गुंडाळलं. ते बघून साहेबरावांच्या मंडळी गिरिजाबाई तडक घरात गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून हवा बंद. पंखा चार नंबरवर पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा आणि जाळीतून यायचा तो म्हाताऱ्या माणसाचा सुस्कारा.

भिवा मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जन्मभर पाण्याच्या मोटारी खोलल्या होत्या, तरी तो डगमगला नाही.

"गॅस बराबर. पट्टा बराबर. पंखा बी फिरून राह्यला."

"मंग हवा कुठं जाती?"

"निघती बराबर. मधीच थांबती."

"कुणासाठी?"

भिवानं हा प्रश्न गंभीरपणे घेतला. धूर हलतो का बघायला त्यानं उदबत्ती पेटवून जाळीपुढे धरली. धूर सरळ वर गेला. ओट्यावरून गिरिजाबाईंनी उदबत्ती पाहिली. त्यांनी हळदकुंकू आणलं, गाडीला वाहिलं आणि पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. भिवानं खोबरं खाल्लं आणि गाडीला उन्हाळा लागल्याचं निदान करून निघून गेला.

असे आठ दिवस गेले आणि दहावा दिवस उजाडला. मागच्या सीटवर बेबीनंदा बसली. डोक्याला स्कार्फ, कानात कापसाचे बोळे, मांडीवर दहा दिवसांची लेक. शेजारी गिरिजाबाई. व्याह्यांनी खिडकीतून हात आत घालून पाहिला.

"गार होईल की जरा वेळानं," साहेबराव त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

काच खाली केली की भट्टीचं दार उघडायचं. वर केली की गाडीचीच भट्टी व्हायची. अंबड ओलांडेपर्यंत नात टोमॅटोसारखी लाल झाली आणि रडून रडून तिचा आवाज बसला.

"अण्णा, हिचं अंग तापलंय," बेबीनंदा म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता.

साहेबरावांनी गाडी कडुलिंबाखाली घेतली आणि जे घडलेलं नाही ते केलं. ओठाला कापसाचं शेपूट लागलं. ओढलं तर मागून अख्खा बोळा. पहिला संशय बियाण्याच्या कंपनीवर गेला. पण बोळा सुबक होता, तेलाचं बोट लावून वळलेला. त्यांनी लेकीच्या कानाकडं पाहिलं, मग हातातल्या बोळ्याकडं, मग बायकोकडं. गिरिजाबाई झाडाची पानं मोजत होत्या.

"हे तू घातलं?"

"उलथन्याच्या दांड्यानं. चारी जाळ्यांत."

"आन् मी आठ दिवस भिवाच्या मागं फिरून राह्यलो."

"तुम्ही भिवाला इचारलं. मला कुठं इचारलं?"

"माय, पण का गं?" बेबीनंदानं विचारलं.

"बाळंतिणीला गारवा बाधतो. तुझ्या कानात बोळे घालायचेच व्हते. मंग म्हणलं, गार जिथून येतं तिथंच घालावं." त्यांनी लेकीचा स्कार्फ सारखा केला. "तू एवढीशी असताना वारं लागून छाती भरल्ती तुझी. हे धरणावर ड्युटीला. मी एकटी बसल्ते उशाला."

छाती भरली होती हे साहेबरावांना माहीत होतं. बायको अजून उशालाच बसलेली आहे, हे माहीत नव्हतं.

मग वाटाघाटी झाल्या. मधले दोन बोळे काढायचे, कडेचे राहू द्यायचे. हवा आली, सोबत कापसाचे तंतू आले. नात शिंकली. गाडीत कुणी श्वास घेईना. ती पुन्हा एकदा शिंकली, मूठ सोडली आणि झोपून गेली.

दोन कोसांवर गिरिजाबाई म्हणाल्या, "कडेचे बी काढा. पोरीला गार करायचं तर बराबर करा."

तीन महिन्यांनी नातीला न्यायला येतो म्हणून व्याह्यांचं पत्र आलं. साहेबरावांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं:

"मा. व्याही महोदय, जालना, यांचे सेवेशी. विषय: नात परत नेण्यास मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आमच्या वाहनाचा एसी नादुरुस्त असल्याने सदर नातीचा प्रवास तूर्त शक्य नाही. तरी एसी पूर्णतः दुरुस्त होईपर्यंत तिचा मुक्काम येथेच मंजूर करावा. दुरुस्तीचे काम अद्याप हाती घेतलेले नाही व घेण्याचा विचारही नाही. सध्या पावसाळा असून बाहेर तशीही गार हवा आहे, ही बाब कृपया विचारात घेऊ नये, ही विनंती."