डोंगर उतरलो तो थेट बैठकीत

आमचे जावई पुष्करराव पुण्याचे. जावई म्हणजे माझ्या भाचीचे, देवश्रीचे यजमान. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दोघं हिंगोलीला आमच्याकडे आले होते. दोन हजार एक साल. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता जावई सहज म्हणाले, "मामा, तुमच्याकडे सगळं सपाटच आहे, नाही?"

सहज म्हणाले असतील, पण मला ते लागलं. मी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली असली तरी माझं बालपण हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजूला गेलेलं. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "उद्या डोंगर दाखवतो. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, फिरून परत जिथून निघालो तिथंच. जेवायला घरी. डोळे बांधून सोडलं तरी चुकणार नाही मी."

माझी बायको प्रेमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "डोळे उघडे ठेवूनच जा. परवा भाजी आणायला गेलात ते चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरलात."

तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

सकाळी देवश्री, जावई आणि मी जीपनं गोरेगावला उतरलो आणि चालायला लागलो. खरं सांगतो, चढण फार सुंदर झाली. कमरेएवढी टणटणी, पिवळा तरवड, मधूनमधून बोराटी. पावसाळ्यानंतरचं गवत वाळायला लागलेलं, त्याची कुसळं मोज्यांत अशी घुसत होती की जावयांचे पांढरे मोजे साळिंदरासारखे दिसायला लागले. पण माणूस मोठा गुणी. कुरकुर म्हणून नाही. वर दगडाच्या म्हसोबापाशी बसून आम्ही झाडावर पिकलेली सीताफळं खाल्ली. गार वारा होता, खाली तळ्याचं पाणी चमकत होतं. जावई म्हणाले, "मामा, शब्द मागे घेतो."

तिथंच गप्प बसून आल्या वाटेनं उतरलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती.

उतारावर वाटेला दोन फाटे फुटले. देवश्री म्हणाली, "मामा, नक्की कुठली?" आता जावयासमोर विचार करत उभं राहणं बरं दिसत नाही. मी ताबडतोब डावीकडे वळलो. पुढं एक शेळ्या चारणारा भेटला, त्याला हात केला, त्यानंही केला. रस्ता बरोबर असल्याची एवढी खूण मला पुरे होती.

झुडपांतून ओरबाडत खाली आलो तर समोर भलतंच गाव. मी काही बोलायच्या आत वेशीपाशी उभी असलेली माणसं आमच्याकडे धावली. पुढं एक फेटेवाले गृहस्थ, किसनराव.

"या, या. लई तकलीफ झाली तुमाला. डोंगरावरून चालत येऊन राहिले म्हून सांगावा आलता." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आन् जळबा कुठं हाय? मागं राहिला व्हय?"

जळबा म्हणजे तो शेळ्यावाला असणार असं मी धरून चाललो. "येतोय मागून," मी म्हणालो.

पाय धुवायला पाणी आलं. ओसरीवर सतरंजी, त्यावर आम्ही. मी जावयांच्या कानात हळूच म्हणालो, "बघितलं? आमच्या भागात कुणीही वाट चुकून आला तरी असं करतात."

"चुकलोय का आपण?" जावयांनी विचारलं.

"छे."

पोहे आले. वर शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर. चालून चालून पोटात आग पडलेली. जावयांनी दोन बश्या संपवल्या आणि तिसरी घेतली. देवश्री म्हणाली, "पुष्कर, जरा हळू." त्यावर किसनराव खूश होऊन म्हणाले, "बहिणीचा जीव असतोच भावावर." त्यांच्या गावात नवऱ्याला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, पण हे मला मागाहून सुचलं. मग त्यांनी मला विचारलं, "तुमी मामा न्हाई का पाव्हण्याचे? काय करतात आपले पाव्हणे?"

जावयाचं कौतुक करायची संधी मी कधी सोडत नाही. "इंजिनिअर आहेत. पुण्यात. सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत."

किसनरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेवढ्यात आतून एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. साडी, डोक्यावर पदर, नजर खाली. चहा देऊन ती समोरच्या पाटावर बसली. माझ्या हातातला कप तिथंच थांबला.

"ही आमची पल्लवी," किसनराव म्हणाले. "बीए झाली. काई इचारायचं आसंल तं इचारा, पाव्हणे."

जावयांना वाटलं, गावची माहिती विचारायला सांगताहेत. ते अदबीनं म्हणाले, "इथं बघण्यासारखं काय आहे?"

दाराआडच्या बायका फिस्सकन हसल्या. पल्लवीची मान आणखी खाली गेली. किसनराव खाकरले. "आता समोरच हाय की. पसंत हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"फारच," जावई पोह्यांची बशी पुसत म्हणाले. "रोज मिळणार असेल तर मी इथंच राहीन."

किसनरावांनी डोळे पुसले आणि साखर आणायला सांगितली. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं तशी कुणीतरी त्यात साखरच घातली. शेवटी देवश्री उठली. "काका, थांबा. हा माझा नवरा आहे."

जावयांनी बशी खाली ठेवली. आणि त्याच वेळी वेशीकडून आरोळी आली, "पाव्हणे आले."

खरे पाहुणे होते ते. त्यांची जीप पलीकडे बंद पडल्यामुळं तेही डोंगरावरून आले होते. पुढं मध्यस्थ जळबा, मागं मुलगा प्रमोद. त्याची नवी पँट गुडघ्यावर फाटलेली, अंगभर कुसळं.

किसनराव माझ्याकडे वळले. "मंग तुमी कोण?"

"आम्ही... डोंगरावर फिरायला आलो होतो."

"काहून? ढोर हारपलं का तुमचं?"

पोरीला बघायची बैठक आम्ही उधळली होती, ती आता रडेल या भीतीनं मी वहाणा शोधायला लागलो. पण पहिल्यांदा हसली ती पल्लवीच. पदर तोंडाशी धरला तरी हसू आवरेना. मग बायका हसल्या, मग किसनरावही. एकटा प्रमोद न हसता ओसरीच्या कडेला बसून तळहातातला काटा काढत होता. पल्लवीनं तेही पाहिलं. पाटावरून उठून तिनं सरळ त्याला विचारलं, "सुई आणू का?"

"आणा," तो म्हणाला. "आन् पोहे उरले आसले तं तेही."

पोहे उरले नव्हते. जावयांनी मान खाली घातली. पल्लवी दुसरे करायला आत गेली, जाताना एकदा मागं वळून बघितलं तिनं. किसनरावांना तेवढं पुरलं.

आम्हाला मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. घरी पोचलो तेव्हा प्रेमा जेवायची थांबली होती. तिला काही सांगावं लागू नये म्हणून मी पुन्हा पानावर बसलो आणि चार पोळ्या कशाबशा गिळल्या. जावयांनी पोट दुखत असल्याचं सांगितलं, ते खरंही होतं.

माघात पल्लवीचं आणि प्रमोदचं लग्न झालं. किसनराव आग्रहाचं आमंत्रण द्यायला हिंगोलीला स्वतः आले. आम्ही सहकुटुंब गेलो, एसटीनं, सडकेनं. मांडवात त्यांनी मला हाताला धरून फिरवलं. मला वाटलं, लग्न जुळवणारा माणूस म्हणून मान देताहेत. मी टोपी सारखी केली. ते प्रत्येकापाशी थांबत आणि सांगत, "हे आपले चुकलेले मामा. यांना दारापोत्तर सोडून या, न्हाई तं हे दुसऱ्याच मांडवात जेवत्याल."