गवाआबांच्या अंगणातला कोपरा

एका जंगलात, मुलांनो, कुणीतरी सगळी माती अडवून बसलं होतं. नाव कशाला घ्यायचं? ज्याने अडवली त्याला ठाऊक आहे. कदाचित आत्ता तोच तुम्हाला मांडीवर घेऊन ही गोष्ट वाचून दाखवत असेल.

त्या जंगलात भिंगरी नावाची खार राहायची. सावरीच्या टोलेजंग झाडावर, अगदी वरच्या मजल्यावर. वारा भरपूर, उजेड भरपूर. माती मात्र चिमूटभरही नाही.

भिंगरीकडे मूठभर वाल होते, आईने जाताना हातात ठेवलेले. ज्या रानात ते पिकायचे, ते रान कधीच तुटलं होतं. तसला वाल दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्यात बी जुनं होत चाललेलं. यंदा मातीत पडलं नाही, तर पुढे ते उगवणारच नव्हतं.

झाडाखालीच गवाआबांचं अंगण होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती हिरवळ. आबांना गवत फार आवडे. पण हे शोभेचं, म्हणून ते आपला चारा बाहेरून मागवत.

भिंगरी धीर करून त्यांच्याकडे गेली. कुंपणालगतचा सुपाएवढा कोपरा मिळेल का, असं तिने विचारलं. पहिल्या शेंगा तुमच्याच, असंही म्हणाली.

तुम्हाला वाटेल, आबांनी तिला हाकलून दिलं. छे, आबांचे डोळे भरून आले.

"अगं, विचारतेस काय? कोपरा तुझाच," ते म्हणाले. "पण असा गुपचूप नको. चार जणांत देऊ. बाकीचेही काही शिकतील."

झालं, समारंभ ठरला. भिंगरीने वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि ठरल्या सकाळी द्रोणात घेऊन आली. कोपरा तिने आधीच खणून भुसभुशीत केला होता. मंडपाचा खांब तिथेच रोवला होता, कारण तिथे माती मऊ लागली.

सूत्रसंचालन सशाकडे होतं, अध्यक्षपद कोल्ह्याकडे. द्रोण पाटावर ठेवून बियांचं पूजन झालं. मग आबांना शाल आणि नारळ. मग आबांच्या दातृत्वावर भाषणं. कोल्हा मातीबद्दल इतका वेळ बोलला की ऊन डोक्यावर आलं. शेवटी हातात नावांची लांबलचक यादी देऊन आभार मानायला भिंगरीला वर बोलावलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आबांच्या घरच्या गवीणकाकूंना पंगतीला उसळ कमी पडेलसं वाटलं. त्यांनी पाटावरचा द्रोण पाहिला. मोड आलेले वाल जन्मभर त्यांनी एकाच ठिकाणी जाताना पाहिले होते.

"पोरीने रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून आणलेत बघ," त्या कौतुकाने घुशीला म्हणाल्या. घूस हाताखाली मदतीला आली होती. दोघींनी बसून वाल सोलले.

भिंगरी आभार मानून उतरली तेव्हा पाटावर नुसतं हळदकुंकू होतं. हवेत फोडणीचा वास होता.

पंगतीत काकूंनी तिला आग्रहाने वाढलं. "घे गं, लाजू नकोस. तुझेच तर आहेत."

भिंगरीने सगळी उसळ बोटाने चिवडली. एखादा दाणा कच्चा राहिला असेल, एखादा. पण काकूंच्या हाताला चव होती आणि चुलीला आच होती. सगळे मऊ शिजले होते.

"असा वाल पुन्हा खायला मिळायचा नाही," आबा बोटं चाटत म्हणाले.

आबा शब्दाचे पक्के. कोपरा आजही भिंगरीचाच आहे. 'भिंगरीची बाग' अशी पाटी लावली आहे आणि पाटीभोवती हिरवळ छान धरली आहे. पाहुणे आले की आबा त्यांना आधी तिकडे नेतात.

तात्पर्य: ज्यांच्याकडे माती असते त्यांचं मन फार मोठं असतं. म्हणून त्यांच्याकडे जरूर जागा मागावी. फक्त त्यांच्यासमोर बी काढू नये.

हे तात्पर्य ऐकून घूस म्हणाली, "मी मागतच नाही बाई. कुंपणाखालून येते, बी पुरते आणि जाते. माझं सगळं उगवतं. सत्कार तेवढा राहिलाय."