ताईंच्या बाल्कनीतलं पीक

"हे वाक्य कुणी घुसडलं?" ताईंनी कागद सचिवसाहेबांच्या टेबलावर असा आपटला की कपातला चहा बशीत आला.

कृषी मंत्रालयात संसदेच्या प्रश्नांची उत्तरं लिहिण्याचं काम ताईंकडे होतं. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे 'कुकर'. पण आज शिट्टी होण्याला कारणही तसंच होतं. अन्नधान्य वाढावं म्हणून सरकार काय करतंय, असा प्रश्न आला होता. ताईंनी खरं ते लिहिलं. बियाणं पोचलं ते पेरणी उलटून गेल्यावर, आणि जे काही पिकलं ते गोदामाच्या गळक्या छपराखाली कुजलं. साहेबांनी सगळ्यावर काट मारून स्वतःचं एकच वाक्य ठेवलं होतं: 'मंत्रालयाचे कर्मचारी घरोघरी भाजीपाला पिकवून देशापुढे आदर्श ठेवत आहेत.'

"कोण पिकवतंय साहेब? माझ्याकडे आणलेली कोथिंबीरसुद्धा टिकत नाही!"

"अहो ताई, संसदेत खोलात कोण शिरतंय?"

शिरले. मंत्र्यांनी वाक्य वाचलं मात्र, विरोधी बाकावरचे एक बुजुर्ग सभासद ताडकन उठले. "असा एक तरी कर्मचारी दाखवा!" मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शेजारी पाहिलं. शेजारी ताई होत्या.

दोन दिवसांनी त्याच सभासदांची समिती ताईंची बाग बघायला येणार, असं तिथल्या तिथे ठरलं.

बाग म्हणजे चौथ्या मजल्यावरची बाल्कनी. तिच्यात एक वॉशिंग मशीन आणि नवऱ्याची पंक्चर सायकल, एवढीच काय ती हिरवळ. साहेबांनी सरकारी रोपवाटिकेची गाडी पाठवली. कुंड्या उतरल्या तशा ताई कडाडल्या, "ही तर शेवंती आहे! आणि हे रबराचं झाड!"

"भाजीची रोपं संपली," ड्रायव्हर म्हणाला.

"मग याला वांगी कुठून येणार?"

"बाजारातून," तो शांतपणे म्हणाला आणि सही घेऊन गेला.

नवऱ्याला मात्र भलताच हुरूप आला. पिशवीभर भाजी आणून तो दोऱ्याने फांद्यांना बांधत सुटला. सासूबाई खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या. "वांगी जरा पानाआड बांध रे. अशी काय फाशी दिल्यासारखी टांगलीस?"

"आई, तुम्ही तरी याला आवरा!"

"अगं, साहेबांची अब्रू जाईल."

"जाऊ दे! माझी काय भाड्याने आणलीय?"

पण नोकरीवर घर चालत होतं. ताई दात-ओठ खात टोमॅटो बांधायला बसल्या.

साहेबांसोबत समिती आली तेव्हा नवऱ्याने उत्साहाच्या भरात बादलीभर पाणी कुंड्यांत ओतलं होतं. ते खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं, आणि खालचे काका ओली चादर घेऊन तावातावाने वर आले. "घर आहे की धरण?"

साहेब चटकन समितीकडे वळले. "बघा, सिंचनाखालचं क्षेत्र खालच्या मजल्यापर्यंत गेलंय."

बुजुर्ग सभासदांनी एक टोमॅटो तोडला. त्याच्याबरोबर हातभर दोरा आला. टोमॅटोवर परदेशी कंपनीचं चकचकीत लेबल होतं. साहेबांनी घाम पुसला. "निर्यातीची... पूर्वतयारी."

आता ताईंचं झाकण उडालं. "पुरे! ही शेवंती आहे, ते रबर आहे, टोमॅटो बाजारचे आहेत! आणि तुम्ही माझी बाल्कनी काय बघता? गोदाम बघा! धान्याला बुरशी चढलीय, शेतकरी बियाण्याची वाट बघून थकलाय, आणि आपण इथे वांग्यांना गाठी मारतोय! लाज वाटते मला!"

"हे भयंकर आहे!" सभासदांचे डोळे लकाकले. "हे सगळं मी संसदेत मांडणार. ते गोदाम बांधलं कुणी?"

"तुम्ही. मंत्री होतात तेव्हा. तुमच्या नावाची पाटी आहे अजून. तेवढीच कोरडी असते."

सभासदांनी टोमॅटो हलकेच कुंडीत ठेवला. "पाणी मात्र छान घालता तुम्ही," असं म्हणून ते जिना उतरले.

ताई उरलेला दिवस तणतणत राहिल्या, पण मनातून हलक्या झाल्या होत्या. नोकरी गेली तरी बेहत्तर, निदान एकदा आपण खरं बोललो.

संसदेच्या पुढच्या बैठकीत सभासद उठले. सज्जात ताई पुढे सरसावून बसल्या. "समितीने बाग पाहिली," ते म्हणाले, "आणि समिती भारावून गेली." मंत्र्यांनी हात जोडले. दोन्हीकडची बाकं एकदम वाजली. एवढं एकमत या अधिवेशनात कशावरच झालं नव्हतं.

ताई तरातरा बाहेर आल्या. मागून साहेब धापा टाकत पोचले. "अभिनंदन ताई! परदेशी पाहुणे येतायत तुमच्याकडे. या खेपेला बटाटे दाखवायचेत."

"बटाटे जमिनीखाली असतात, साहेब!" ताई ओरडल्या.

"तेच तर!" साहेब खुशीत म्हणाले. "बांधायची कटकटच नाही."